फ्रेंचच्या बारा सूचना

छापील सूचनांची मला अजून धास्ती वाटते. बँकेचा फॉर्म असो नाहीतर औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, 'खालील सूचना काळजीपूर्वक वाचा' एवढं दिसलं की मी तो नवऱ्याकडे सरकवते आणि चहा टाकायला उठते. तो हसतो. इतकी शिकलेली बाई आणि कागदाला घाबरते, म्हणतो. दहावीच्या फ्रेंचच्या पेपरात मी घाबरले होते, एवढंच त्याला ठाऊक आहे. पूर्ण हकिगत मी सांगितलेली नाही, कारण ती सांगायची तर बाबांची एक चूक सांगावी लागते.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाला राहायला आलो होतो. बाबा दिल्लीत एका मंत्रालयात असिस्टंट होते. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांनी सोसायटी करून फ्लॅट बांधले, त्यातला एक आमचा. सेक्टर नावालाच होता. रस्ते रुंद आणि रिकामे, दिवसातून चारदा लाइट जायची, आणि बाबांची चार्टर्ड बस चुकली तर ऑफिसला पोचायचं कसं, हा घरातला मोठा प्रश्न होता. पण सगळीकडे काहीतरी उभं राहत होतं. परदेशी कंपन्या येणार, त्यांना माणसं लागणार, असं बसमधले लोक बोलत आणि बाबा ते घरी येऊन आम्हाला सांगत.

माझी नवी शाळाही अशीच अर्धी बांधलेली होती. वरच्या मजल्याच्या सळ्या आभाळात निघालेल्या आणि खाली आमचा नववीचा वर्ग. प्रवेशाच्या वेळी एक रकाना भरायचा होता: संस्कृत की फ्रेंच. आईला संस्कृत हवं होतं. त्यात मार्क पडतात, असं तिला भाजीवाल्यापाशी दोन बायकांनी सांगितलं होतं. बाबांनी पेन हातात घेतलं आणि थांबले. बाबा भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात शाळेत गेले होते. तिथल्या संस्कृतच्या तासाबद्दल ते आमच्याशी कधी बोलले नाहीत, पण तो तास त्यांना वर्गाबाहेर बसून ऐकावा लागला होता, हे मला आईकडून कळलेलं होतं.

"संस्कृत काही जणांच्या घरात आधीपासून असतं," ते म्हणाले. "फ्रेंच इथे कुणाच्याच बापाची नाही. सगळे शून्यापासून सुरू करतील. बिल्कुल बरोबरीत."

आणि त्यांनी फ्रेंचवर खूण केली. आई म्हणाली, "पोरगी नापास झाली तर?" बाबा म्हणाले, "जबाबदारी माझी."

हे वाक्य माझ्या छातीवर दोन वर्षं बसून होतं. मी नापास झाले तर ते नुसतं माझं नापास होणं नव्हतं. बाबांनी घरात मारलेली ती खूण नापास होणार होती. शिवाय आमच्या दिल्लीच्या बोलण्यात 'कंपार्टमेंट' नावाचा शब्द होता. एका विषयात गचकलं की निकालावर तो शब्द येई, पुन्हा परीक्षा द्यावी लागे आणि तोवर अकरावीच्या सायन्सची दारं बंद होत. सोसायटीतल्या एका मुलीला कंपार्टमेंट आली तेव्हा तिची आई पंधरा दिवस गच्चीवर कपडे वाळत घालायला आली नव्हती.

शून्यापासून सगळे सुरू करतील हे काही खरं नव्हतं. वर्गात दोन मुली अशा होत्या की ज्यांचे वडील बाहेरदेशी राहून आले होते. त्या फ्रेंच नाकातून सहज बोलत. मी बोलले की मला सर्दी झाल्यासारखं वाटे. पण आमच्या मॅडम हुशार होत्या, आणि त्यांची एक पद्धत होती. बोर्डाच्या पेपरात बारा प्रश्न येत आणि वर्षानुवर्षं त्याच क्रमाने येत. चौथा आणि पाचवा म्हणजे रिकाम्या जागा. सहावा म्हणजे विरुद्धार्थी शब्द. सातवा म्हणजे वाक्यं नकारार्थी करा. प्रत्येक प्रश्नावरची सूचना इंग्रजीत असे, पण मॅडम म्हणत, "सूचना पढ़ने में टाइम मत वेस्ट करो. नंबर देखो और शुरू हो जाओ." आम्ही नंबर पाहून सुरू होत असू. सूचना अशी काही चीज असते हे मी जवळजवळ विसरले होते.

दहावीच्या दिवाळीनंतर मॅडम गेल्या. नव्या आलेल्या एका परदेशी कंपनीत त्यांना नोकरी लागली. शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला टॉफ्या वाटल्या, आणि आम्ही वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. त्यांच्या जागी कुणी मिळेना. फ्रेंचच्या तासाला ड्रॉइंगचे सर येऊन बसत आणि म्हणत, "सेल्फ स्टडी करो."

जानेवारीत बोर्डाचं पत्र आलं. शाळेने आम्हाला त्याचा एक धुरकट सायक्लोस्टाइल कागद दिला. या वर्षीपासून परदेशी भाषांच्या पेपरातल्या सूचना इंग्रजीत नसतील, त्या त्याच भाषेत असतील. खाली फ्रेंचमधल्या बारा सूचना, एक ते बारा आकडे घालून. अर्थ कुठेच नाही. मी तो कागद बसस्टॉपवर उभी राहून वाचला. पहिल्या तीन-चार ओळी अंदाजाने लागल्या, पुढच्या लागेनात. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, कारण घरी पोचेपर्यंत माझी जीभ खरोखरच टाळूला चिकटली होती. पेपरला जेमतेम दोन महिने होते. शब्दकोशात पाहिलं तर निम्मे शब्द त्या रूपात सापडेनात, आणि सापडले त्यांची ओळ जुळेना.

बाबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. फ्रेंच त्यांना येत नव्हतं, पण हा प्रकार त्यांच्या ओळखीचा होता.

"अरे, ही तर करेक्शन स्लिप आहे," ते म्हणाले.

हे समजायला त्यांचं ऑफिस माहीत असावं लागतं. सरकारी नियमांची जाड पुस्तकं असतात. नियम बदलला की नवं पुस्तक छापत नाहीत, छोट्या छापील पट्ट्या येतात. जुन्या नियमाचा क्रमांक शोधायचा, त्यावर त्याच क्रमांकाची पट्टी एका कडेने चिकटवायची, म्हणजे उचलून खालचा जुना मजकूरही पाहता येतो. बाबांच्या सेक्शनमधली पुस्तकं या पट्ट्यांनी फुगलेली असत, आणि सगळ्यांत नीट चिकटवलेलं पुस्तक बाबांचं, हे त्यांचे साहेबही म्हणत. आयुष्यात बाबांना जे काही मिळालं होतं, ते असा प्रत्येक बदल वेळेवर आणि सरळ रेषेत चिकटवून मिळालं होतं.

त्या रविवारी दुपारी त्यांनी माझं मागच्या पाच पेपरांचं गाइड घेतलं. फ्रेंच कागदाच्या पाच झेरॉक्स काढून आणल्या होत्या. पट्टी, कात्री, डिंकाची बाटली, पुसायला ओला फडका. पहिल्या सूचनेची पट्टी पहिल्या प्रश्नावर, दुसरीची दुसऱ्यावर. पाच पेपर, प्रत्येकी बारा, अशा साठ पट्ट्या त्यांनी चिकटवल्या. एकही वाकडी नव्हती. आई दोनदा चहा घेऊन आली आणि दोनदा तो तसाच गार झाला.

"आता फ्रेंच ओळ वाचायची, खालचा प्रश्न सोडवायचा," बाबा म्हणाले. "दहा वेळा कर. ओळ दिसली की हात आपोआप चालला पाहिजे."

मी करायला घेतलं. चौथ्यापर्यंत ठीक होतं. पाचव्याशी मी अडखळले. पट्टीवर एक शब्द होता, तो इंग्रजीतल्या 'काँट्ररी'चा भाऊ वाटत होता. उलट, विरुद्ध असं काहीतरी. खाली मात्र रिकाम्या जागा होत्या.

"बाबा, हे जरा वेगळं वाटतंय," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा लावला. पट्टीवरचा आकडा पाहिला, प्रश्नाचा आकडा पाहिला. मग शेवटच्या पानावर जाऊन दोन्हीकडचे आकडे मोजले. "इथे बारा, तिथे बारा," ते म्हणाले. "टॅली होतंय. तुला काय वाटतं ते परीक्षेनंतर वाटू दे."

इतक्या सरळ चिकटवलेल्या साठ पट्ट्या चुकीच्या असतील, हे मनात आणणंसुद्धा मला पाप वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला त्या बरोबर असायलाच हव्या होत्या. त्या बरोबर नसतील तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. म्हणून मी तो शब्द पाहायचं सोडून दिलं आणि पाठ केलं: ही ओळ म्हणजे रिकाम्या जागा.

आमचं सेंटर दिल्लीतल्या एका सरकारी शाळेत होतं. फ्रेंचची मुलं थोडी, ती वेगवेगळ्या खोल्यांत विखुरलेली. माझ्या खोलीत बाकी सगळे दुसऱ्या विषयाचे, मी एकटी फ्रेंचची. पेपर हातात आला तेव्हा हात इतके गार पडले होते की मी ते मांड्यांखाली घालून बसले. पहिले चार प्रश्न झाले. पाचव्यावर आले. तीच ओळ, पाठ केलेली. रिकाम्या जागा.

खाली रिकाम्या जागा नव्हत्या.

दहा शब्द होते, पाच पाच करून दोन ओळींत. मी पान उलटलं, मागे पाहिलं, पुन्हा पुढे. मला वाटलं पेपर चुकीचा छापलाय. मी हात वर केला. पर्यवेक्षक सर आले. ते कुठल्याशा शाळेतले पीटीचे सर असावेत, कारण त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. त्यांनी पेपर लांब धरून पाहिला आणि मला परत दिला. "बेटा, मुझे तो इसकी एबीसीडी भी नहीं आती. जो लिखा है, वही कर दो," ते म्हणाले आणि गेले.

जे लिहिलंय तेच करायचं होतं, आणि जे लिहिलंय ते काय आहे हेच मला कळत नव्हतं. कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. मग मला तो 'काँट्ररी'चा भाऊ दिसला. दहा शब्दांत पहिला होता 'मोठा'. विरुद्धार्थी. जुन्या पेपरातला सहावा प्रश्न पाचव्या जागी आला होता. मी चौथ्याकडे वळले. रिकाम्या जागा नेहमीपेक्षा दुप्पट होत्या, आणि मी मान खाली घालून त्या भरून मोकळी झाले होते. बोर्डाने जुना चौथा आणि पाचवा एकत्र करून टाकला होता. आणि शेवटी काहीतरी नवीन घालून आकडा पुन्हा बारा केला होता. टॅली होत होतं. पाचव्यापासून पुढची बाबांची एकूण एक पट्टी एक घर मागे होती.

हे कळल्यावर जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं उलटंच. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही, बाळंतपणातसुद्धा, वाटलेली नाही. सातव्या प्रश्नाखाली दहा वाक्यं होती. बाबांच्या पट्टीप्रमाणे ती नकारार्थी करायची. एक घर पुढे मोजलं तर त्यांतली नावं काढून 'तो, ती, ते' घालायचे. दहाही वाक्यांचं दोन्ही करता येत होतं. सूचनेची ओळ मी चारदा वाचली, एकही शब्द लागेना. मनात मात्र बाबांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, जबाबदारी माझी म्हणणारा. मी जर माझ्या मोजण्यावर गेले आणि चुकले, तर मी बाबांचं न ऐकून नापास झाले असं होणार होतं. बाबांचं ऐकून नापास होणं त्या मानाने सोपं होतं. त्यात माझा दोष नव्हता. हा विचार मी खरोखर केला, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मी पेन्सिलने पहिलं वाक्य नकारार्थी केलं. मग खोडलं. मग डोळे मिटले आणि एक घर पुढे गेले. सातवा, आठवा, नववा, सगळे तसेच. अक्षर माझं वाटत नव्हतं. बारावा प्रश्न कशाबद्दल होता ते मला कळलंच नाही. मी मैत्रिणीला एक पत्र लिहून टाकलं.

बाबा रजा घेऊन गेटबाहेर उभे होते. हातात काकडी, मीठ लावलेली. "पट्ट्या उपयोगी पडल्या ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"हो," मी म्हणाले. "अगदी."

त्यानंतर निकालापर्यंत मी जेवणावर जेवण टाकत राहिले. आईला वाटलं उन्हाळा लागलाय. रोज सकाळी जागी झाले की पहिल्यांदा सातवा प्रश्न आठवे, आणि मग अंथरुणातून उठावंसं वाटत नसे. मी पास झाले. फ्रेंचमध्ये पासाच्या वर थोडेच मार्क होते, पण कंपार्टमेंट नव्हती. बाबांनी सोसायटीत पेढे वाटले, आणि ज्याच्या त्याच्या घरी गाइड उघडून पट्ट्या दाखवल्या. मी मूग गिळून बसले. आता सांगून काय करायचं, असं मी स्वतःला समजावलं. त्यांचं काही बिघडत नव्हतं, आणि माझं तर झालंच होतं.

जूनमध्ये ते एका संध्याकाळी म्हणाले, "चल, सरोजिनी नगरला जाऊन येऊ. गाइड द्यायचंय."

बाबांच्या सेक्शनमधले एक काका अजून जुन्या क्वार्टरमध्ये राहत होते. परभणीकडचे, आमच्यासारखेच महाराष्ट्रातून आलेले. माझ्या निकालावर भरवसा ठेवून त्यांनी त्यांच्या मुलीचं फ्रेंच कायम ठेवलं होतं, आणि ती आता दहावीत गेली होती. बसमध्ये गाइड बाबांच्या मांडीवर होतं. मी खिडकीबाहेर पाहत होते. प्रत्येक स्टॉपला वाटे, आता सांगावं. आयटीओ गेलं. इंडिया गेट गेलं.

काकूंनी सरबत दिलं. कूलर घुरघुरत होता. ती मुलगी, माझ्याहून एक वर्षाने लहान, गाइड मांडीवर घेऊन पानं उलटत होती. मी तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पाचव्यापासूनच्या पट्ट्या पाहू नको. एक घर चुकल्यात."

तिने पट्टी उचलून पाहिली, परत नीट बसवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची काहीतरी खोडी काढत होते. "पण ताई, काकांनी केलंय ना हे," ती म्हणाली. "किती सरळ आहे बघ."

मग मी उभी राहिले. का उभी राहिले कुणास ठाऊक, बसूनही बोलता आलं असतं. "बाबा, पट्ट्या चुकल्या होत्या," मी म्हणाले. आवाज फार मोठा आला. काकूंचा हात ट्रेवर थांबला. "आकडे बारा होते, पण प्रश्न सरकले होते. पाचव्यापासून सगळं."

बाबांनी गाइड मागून घेतलं. चष्मा लावला. एक पट्टी उचलली, खालचं पाहिलं, दुसरी उचलली. ते फ्रेंचच्या ओळीकडे पाहत होते आणि ती त्यांना वाचता येत नव्हती. हे त्या खोलीत सगळ्यांना दिसत होतं. मला वाटलं, आपण हे काय केलं.

"मग तू पास कशी झालीस?" त्यांनी विचारलं.

"तुमचं ऐकलं नाही म्हणून."

काका उगाच कूलरचं पाणी पाहायला उठले. बाबांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"तेव्हाच का नाही सांगितलं? माझी भीती वाटली?"

"नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. "तुम्हाला वाईट वाटेल याची वाटली."

त्यांनी मान हलवली. मग गाइड त्या मुलीच्या मांडीवर ठेवलं, माझ्यासमोरचा वेताचा मोढा ओढला आणि त्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बहुधा खेड्यातल्या त्या शाळेत दाराबाहेर ते असेच बसत असतील.

"बोल," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाच, आणि काय म्हणतंय ते सांग. मला आणि हिला, दोघांनाही समजलं पाहिजे."

मी गाइडमध्ये घडी करून ठेवलेला बारा सूचनांचा मूळ कागद हातात घेतला. पहिली ओळ मोठ्याने वाचली. बाबा ऐकत होते.